नोटेवाचूनच्या पैशाचा अर्ज

तहसील कचेरीबाहेर मी वीस वर्षे अर्ज लिहीत आहे. परंतु माझा अर्ज फाडणारे गृहस्थ एकच भेटले. टेमघरचे हे प्राध्यापक बोलताना सारखे शर्टाचे वरचे बटण चाचपत. संगणकातून चालणाऱ्या पैशावर त्यांना विद्यापीठात संशोधन करायचे होते. विषय दोनदा नामंजूर झाला होता; ही शेवटची संधी होती, म्हणून या वेळी अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला.

माझा भारदस्त मसुदा त्यांनी रांगेतल्या अंजूरच्या एका शेतकऱ्याला वाचून दाखवला. "कळलं का, काका?"

"न्हाय. नोटच नसंल, तं येकच पैसा दोघांना दिला तं कलंल कसा?"

प्राध्यापकांनी कागद शांतपणे फाडला. "साहेब, काका म्हणाले तेवढंच लिहा. माझा विषय हाच आहे."

मी खट्टू होऊन लिहिले. अर्ज फेटाळला गेल्यास दाखवावेत, म्हणून फाडलेले तुकडे मात्र पेटीत जपले.

महिन्याने ते मंजुरीचे पत्र घेऊन आले. हात बटणाकडे गेला नाही. हातांत पेढ्यांचे दोन पुडे होते.

"हा तुमचा. दुसरा अंजूरला नेऊन देतो."

मला फार हायसे वाटले. ते वळताच मी पेटी उघडली आणि ते तुकडे फेकून दिले.