गुणगुणणारं धूड

सत्तरीचं दशक संपत आलं होतं आणि भुईगावातल्या आमच्या घरात एक जुना ॲम्प्लिफायर माझा जीव खात होता. माझ्याकडे हौशी रेडिओचं लायसन्स होतं. ट्रान्समीटर दहा वॅटचा, त्यावर आवाज फार लांब जात नसे. त्याला बळ द्यायचं काम या धुडाचं. शाळेत मला विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी आणि मी मिळून ते बनवलं होतं, लष्कराच्या भंगारातले, जुन्या रेडिओत असतात तसले काचेचे व्हॉल्व्ह लावून. पुढे सर निवृत्त होऊन बंगलोरला मुलीकडे गेले. दर रविवारी मी चर्चमधल्या मिस्साहून आलो की आम्ही रेडिओवर बोलायचो.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने हे सोनं एकदा उचलून दाखवावं. तापायलाच पाच मिनिटं, आणि वर गुणगुण. माझ्या प्रत्येक शब्दामागे ती जायची. दोन कपॅसिटर बदलले असते तर ती थांबली असती. ते मी आणूनही ठेवले होते, बिस्किटांच्या डब्यात. पण म्हाताऱ्याला आता नवे दात कशाला, म्हणून बसवले नाहीत. त्यात सरांची वेगळीच तऱ्हा. मी विचारायचो, "सर, गुडघा कसा आहे?" ते सांगायचे, "बावखलात पाणी टिकलंय ना? केळींना जप." वर्षभर हेच, वाडीतल्या तळ्याची आणि केळींची चौकशी. गुणगुणीमुळेच त्यांना माझं बोलणं कळत नाही, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

कुवेतहून आलेल्या मावसभावाने ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर आणला. वह्यांच्या गठ्ठ्याएवढा. ना तापणं, ना गुणगुण, ना फिरवायची बटणं. मी त्याच दिवशी धूड कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी नेऊन टाकलं.

"सरांना विचारलंत का?" बायको म्हणाली.

"त्यात विचारायचं काय?"

आमची एरियलची तार दोन माडांना बांधलेली होती. वारा सुटला की झावळ्या तारेला टेकायच्या आणि ॲम्प्लिफायरवर भलताच भार यायचा. जुन्यावर त्याची फिकीर नसे. आधी बेधडक सुरू करायचं, मग व्हॉल्व्हकडे बघायचं. तो आतून लाल झाला की बटण फिरवायचं, की तो निवायचा. दहा वर्षांची सवय. त्या रविवारी तारेवर टेकलेली झावळी मला खिडकीतून दिसत होती. दिसत असूनही मी नव्याचा स्विच दाबला आणि लाल काय होतंय ते बघायला वाकलो. तिथे बघण्यासारखं काही नव्हतंच. टक् झालं, जळका वास आला, संपलं. चूक झाली की व्हॉल्व्ह आधी रागावतो. ट्रान्झिस्टर सरळ मरतो. हे मला ठाऊक होतं, म्हणून तर जास्त चीड आली.

सर हाका मारत होते आणि मला ते स्वच्छ ऐकू येत होते. "अरे, आहेस का?" मी दहा वॅटवर घसा फाटेस्तोवर ओरडत होतो, जसं काही ओरडल्याने वॅट वाढतात. "आज नाही वाटतं," म्हणाले आणि गेले.

तसाच दुसरा ट्रान्झिस्टर शोधायला मी आठवडाभर मुंबईचे बाजार पालथे घातले. कुठेही मिळाला नाही. व्हॉल्व्ह मात्र भंगारवाल्यांकडे टोपल्यांनी पडले होते! पुढच्या रविवारी सरांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना रे तुझी?" मी नुसता ऐकत बसलो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तिसऱ्या रविवारी मी धुडावरची कोंबड्यांची घाण खरवडली, ते उचलून आत आणलं, पाच मिनिटं तापू दिलं आणि बोलायचं बटण दाबून फक्त "सर" म्हणालो.

"आलास!" सर म्हणाले. "मला वाटलं, तुझं काही बरंवाईट झालं. ऐक, मुलगी म्हणते, सांगून टाका एकदाचं. माझे कान गेलेत रे. वर्षभर तुझा एक शब्द धड कळत नाही. ती आपली गुणगुण आली की समजतं, तू बसलायस. मग मीच बोलत राहतो. ती काढू नकोस."

"नाही काढत," मी म्हणालो. त्यांना ते कळणार नव्हतं. मग मी बटण तसंच दाबून धरलं आणि काही न बोलता गुणगुण त्यांच्यापर्यंत जाऊ दिली.