स्टीलचा ग्लास
तुरीची डाळ भरडल्याचा वास आला की अकोल्याची ती मिल आठवते. कपाशी हातची गेलेली ती वर्षं. गावोगावचे आम्ही तिथं रोजंदारीवर होतो. नव्या मॅनेजरनं नियम काढला, कायम कामगारांना चहा स्टीलच्या ग्लासात, रोजंदारीवाल्यांना प्लास्टिकच्या कपात. पुढं मी कायम झालो. ग्लास घेऊन नेहमीसारखा चाळणीवरच्या मावशीशेजारी टेकलो. ती माझ्या कितीतरी आधीपासून तिथं राबत होती, अजून रोजंदारीवरच. आपला कप उचलून ती जराशी सरकली अन् म्हणाली, "इथं काहून बसून राह्यला रे बाबू? तुही जागा आता तिकडे हाय." आवाजात राग नव्हता, असता तर भांडलो असतो. आता अमरावतीच्या ऑफिसात चहा थेट माझ्या टेबलावर येतो. शेजारून सरकायलाही कोणी नसतं.