दोघांपुरतं नाक

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते बाटली हलवण्याचं. कापूर, पेपरमिंटचं फूल आणि ओव्याचं फूल, असे तीन प्रकारचे पांढरे खडे एका काचेच्या बाटलीत घालायचे, बूच लावायचं आणि हलवत बसायचं. थोड्या वेळानं तिन्ही मिळून पाणी होतात. वरून एक थेंब घालावा लागत नाही. पोट दुखलं, डोकं धरलं, दाढ ठणकली, की त्यातले दोन थेंब. आमच्या हौसाचा हा दरवर्षीचा उद्योग. खडे टाकायचं काम तिचं, हलवायचं माझं.

"बाटली हलवताय का बाळ जोजवताय?" ती म्हणाली.

"झालं की पाणी."

तिनं बूच काढून हुंगलं. "कापूर जास्ती पडला. देवळात बसल्यावाणी वाटतंय. ही बाटली तुमच्या भावाला द्या. त्यो न्हाई तरी देवळात जात न्हाई."

हे दुपारी, ओट्यावर. दिवस मावळताना ती गेली. भिंतीला पाठ लावून बसली होती, तशीच. रडलो का, असं कोणी विचारू नये. ती कशी होती ते सांगतो.

हौसाचं माहेर मढ. तिकडं डोंगरात भाताची खाचरं. आमचं आळे, इकडं कांदा आणि ऊस. लग्न होऊन आली तेव्हा तिला आमच्या गावाचं एकच कौतुक वाटलं, की एवढ्या मोठ्या गावाला नाक नाही. "तुमा आळेकरांना कांद्याबिगर दुसरा वास ठावा न्हाई," म्हणायची. तिला तांदूळ हुंगून कळायचं की तो यंदाचा की गेल्या सालचा. पाहुणा दारात आला, की त्यानं वाटेत कुठं चहा घेतला आणि कुठं दुसरं काही घेतलं, हे तो चप्पल काढेपर्यंत तिला कळलेलं असायचं.

अशा बाईचा नवरा लागला केमिकल कंपनीत. हायवेच्या कडेला एक लहानशी कंपनी होती. माझी शाळा चौथीत सुटलेली, तरी हेल्पर म्हणून घेतलं आणि पुढं ऑपरेटर केलं. पहिल्या दिवशी कामावरून आलो तर हौसानं मला दारातच अडवलं.

"दवाखान्यात गेला व्हता का?"

"न्हाई. कामावरनं आलो."

"मग भायेरच थांबा. आधी आंघोळ, मग नवरा."

हे वाक्य मी रिटायर होईपर्यंत ऐकलं. वासाचं कारण क्रेसॉल. ते टँकरनं यायचं. फरशी पुसायच्या फिनेलच्या भावकीतलं, पण अंगाला लागलं तर कातडं सोलून काढेल असं. ते रिअ‍ॅक्टरमध्ये भरायचं, तापवायचं, आणि त्यात दाबानं गॅस सोडायचा. गॅस जाऊन क्रेसॉलला चिकटतो. साहेबांनी आम्हाला समजावलं होतं, की क्रेसॉलला गॅसची शेपटी लावायची, बस. शेपटी बरोबर जागी लागली की झालं ओव्याचं फूल. ओव्याला जो वास असतो तो ह्याचाच. पण शेपटी कधी भलत्या जागी लागते, कधी एकाला दोन लागतात, आणि कोणी बिनशेपटीचाच राहतो.

हे मी हौसाला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"भलत्या जागी लागली तर त्याचं काय करता?"

"वेगळा काढतो. पुन्हा रिअ‍ॅक्टरला पाठवतो. शेपटी निघून दुसरीकडं बसती."

"मग तुमच्या भावाला एकदा घेऊन जा की."

माझ्या भावाचं आणि तिचं कधी जमलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलं असेल.

पुढं मला कॉलमवर टाकलं. कॉलम म्हणजे माडापेक्षा उंच नळकांडं. खालून तापवायचं. हलकं असेल ते आधी वर चढून निघून जातं, ते बिनशेपटीचं क्रेसॉल. मग येतो मधला कट, तो खरा माल. जड असेल ते तळाला बसून राहतं. खरी कटकट असते ती मधल्या कटात घुसलेल्या सख्ख्या भावांची. शेपटी भलत्या जागी, पण वजन सारखं, उकळायचंही जवळपास एकाच वेळेला. ते उष्णतेनं लवकर वेगळे होत नाहीत. मग माल थंड करायचा, म्हणजे फुलाचा दाणा धरतो आणि भाऊ पातळ राहून निथळून जातात. एखाद्या वेळी कितीही थंड करा, दाणा धरतच नाही. तेव्हा आधीच्या बॅचचे चिमूटभर खडे टाकायचे. की बघता बघता सगळी टाकी धरते.

"म्हंजे विरजण लावता," हौसा म्हणाली. "दही लावायचा पगार देत्यात तुमाला. मला कुणी दिला न्हाई."

पण कॉलम तिला आवडला. तिनं तो उचलला आणि गावाला लावला. लग्नाकार्यात माझ्या शेजारी बसून हळूच सांगायची. जेवण झालं की हात धुऊन गाडी गाठणारे, ते हलके. पंगत उठल्यावर पत्रावळी उचलायला वाकणारे, ते मधला कट. आणि चार दिवसांनीसुद्धा आमच्याच ओट्यावर पान खात बसलेले, ते तळ. माझ्या थोरल्या आत्याला तिनं "तळाचा माल" म्हटलं आणि आत्या मागंच उभी होती. आत्याला कॉलम ठाऊक नव्हता म्हणून आम्ही वाचलो.

"आणि मी कोण?" मी एकदा विचारलं.

"तुमी बिनशेपटीचं. पुन्यांदा पुन्यांदा रिअ‍ॅक्टरला पाठवायचं."

खंडेनवमीला कंपनीत मशिनरीची पूजा असायची आणि घरच्यांना बोलावणं असायचं. हौसा पहिल्यांदा आली ती पदराच्या गाठीला घरचा ओवा बांधून. तिला वाटलं, ओव्याचं फूल करतात तर ओवा लागतच असणार, रिकाम्या हातानं कसं जावं. तिनं साहेबांनाच विचारलं, ह्यात ओवा कुठनं घालायचा. साहेब हसले. चांगला माणूस. म्हणाले, "बाई, आम्ही ओवा वापरत नाही. हे सगळं डांबराच्या नात्यातल्या मालातून होतं. पण फूल अगदी तेच, ओव्यातलं आणि आमचं, फरक नाही."

हौसानं रिअ‍ॅक्टरकडं वरून खालपर्यंत पाहिलं. मग गाठ सोडली, मूठभर ओवा त्याच्या पायाशी ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं.

"बाई, हे कशाला?"

"साहेब, जलमभर ज्याचं सोंग घेतोय, त्याचं त्याला दर्शन तरी व्हावं."

त्या दिवसापासून खंडेनवमीला रिअ‍ॅक्टरपुढं ओवा ठेवायची रीतच पडली. साहेब बदलले, नवीन आलेल्यांना कारण माहीत नव्हतं, तरी ओवा ठेवला जायचाच. एका साली ठेवायचा राहिला आणि त्याच महिन्यात व्हॉल्व्ह तुंबला. व्हॉल्व्ह तर एरवीही तुंबायचा. पण पुढच्या साली पोरांनी किलोभर आणला.

माझी मात्र पंचाईत होती. मी त्या दिवशी कुठं काम केलं हे तिला वासावरून कळायचं. फिनेलसारखा वास आला तर रिअ‍ॅक्टर. ओव्याचा आला तर कॉलम. वासच नाही आला तर, "आज कँटीनला पत्ते कुटले का?" एकदा मी ड्यूटीला दांडी मारून लोणीला बैलगाड्यांची शर्यत बघायला गेलो. येताना विहिरीवर हातपाय धुतले, कंपनीचा शर्ट अंगात घातला. तिनं पाण्याचा तांब्या हातात दिला आणि शांतपणे विचारलं, "आज कॉलमला बैल जुंपला व्हता का?"

मी रिटायर झालो आणि दोन-तीन हिवाळ्यांनी मला मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. मला आधी कळलंच नाही. हौसाला कळलं. तिनं ओव्याच्या फुलाची डबी माझ्या नाकाखाली धरली.

"काय हाय?"

"काय न्हाई."

ती हसायला लागली. मग हसायची थांबली आणि डबीला झाकण लावून आत गेली. रात्रीचं जेवण वाढताना म्हणाली, "असू द्या. माझं नाक दोघांना पुरंल."

पुरलंसुद्धा. दूध नासलं, भात लागला, माझी बंडी बदलायला झाली, हे सगळं ती सांगायची. निम्म्या वेळा खोटं सांगायची. थंडीत मी आंघोळीला टाळाटाळ केली, की नाकाला पदर लावून फिरायची. मला पडताळा घ्यायला सोय नव्हती. निमूट जायचो.

पण एक दिवस ती वावरात असताना मी चहा ठेवला. वाऱ्यानं शेगडी विझली आणि मी शेजारीच बसून राहिलो. ज्या माणसानं सगळी उमर गॅस दाबून क्रेसॉलमध्ये घातला, त्याला घरातला गॅस कळला नाही. हौसा फाटकातूनच ओरडत आली. खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला, आणि मग मला जे बोलली ते इथं लिहीत नाही.

हे आमच्या प्रकाशला कळलं. मुलगा चाकणला असतो, फ्लॅट आहे. तो गाडी घेऊनच आला. "दोघंही चला. इथं एखाद्या दिवशी काय होईल सांगता येत नाही."

"तुझ्या फ्लॅटला कशाचाच वास न्हाई," हौसा म्हणाली. "मी काय करू तिथं? मी हाय तवर ह्यांना हलवू नको. मी गेले की मग उचलून ने."

प्रकाशनं तो शब्द धरून ठेवला. मला तो झोंबला. माझं घर इथं, बांध इथं, आणि माझा सौदा मला न विचारता झाला. तो गेल्यावर मी भांडलो.

"मला न्हाई जायचं. तू असली काय, नसली काय."

"मग नाक कुठनं आणणार?"

"गाव हाय की."

"गाव लई सभ्य हाय. तुमी घाणीत लोळला तरी म्हणत्याल, आण्णा बरे हायत. तोंडावर सांगणारं एक माणूस गावतंय का बघा. गावलं तर खुशाल ऱ्हावा हितं, मी पोराला सांगती."

तिनं खरंच त्याला फोनवर तसं सांगितलं. प्रकाश म्हणाला, "बरं, असं माणूस दाखवा, मग मी हट्ट करणार नाही." दोघं मायलेक माझ्यावर हसले. असं माणूस गावात नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तसं माणूस म्हणजे हौसा. शेजारच्या सिंधूबाईच्या मुलीच्या साखरपुड्यात, भरल्या पंगतीत, "तूप जुनं हाय गं" हे ती बोलली होती. सिंधूबाईनं त्यानंतर आमच्या घराकडं तोंड केलं नाही. मधे भिंत एक, पण कढीपत्ता मागायला बाई दुसऱ्या आळीला जायची.

तर दिवस मावळताना हौसा गेली. त्याच रात्री सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. सूनबाईनं माझे कपडे बॅगेत भरले होते. बॅग प्रकाशच्या गाडीत होती. दहावं इथं करायचं आणि मग मला घेऊन जायचं, असं सगळ्यांचं ठरलं होतं. मी सोडून.

मी मागच्या दारी गेलो. गोठ्यात खुंटीवर माझा शर्ट होता, शेणखत ओढताना घातलेला, धुवायचा राहिलेला. तो अंगात घातला आणि येऊन माणसांच्या मधोमध बसलो.

वास कसा येत होता ते मला माहीत नाही. पण भावानं सतरंजीवरची जागा बदलली. सरपंच दोन मिनिटं बसून उठले. "आण्णा, धीर धरा," म्हणाले, तोंड दुसरीकडं करून. मी भावाला विचारलं, "माझ्या अंगाला वास येतोय का रे?"

"न्हाई रं दादा. कसला वास?"

सूनबाईला विचारलं. तिनं मान हलवली, आणि बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं की कशाचं, देव जाणे. प्रकाशला विचारलं. तो म्हणाला, "अण्णा, आता असलं काही मनात आणू नका." सगळं गाव सभ्य होतं. हौसा खरं बोलली होती. मी दारातनं गाडीकडं बघायला लागलो.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारून भाकरी येते. इतक्या वर्षांनी सिंधूबाई आमचा उंबरा चढली. डोक्यावर पाटी, पाटीत पिठलं-भाकरी. पाटी खाली ठेवली, माझ्यापुढं वाकली आणि झटक्यानं मागं सरली.

"आण्णा, ह्यो शर्ट कुठनं काढला? उकिरड्यात बसल्यावाणी वास मारतोय. माणसं जेवणार हायत हितं. काढा त्यो."

सगळे तिच्याकडं वळले. सूनबाई म्हणाली, "काकू, अहो आज तरी."

"आज तरी काय? ती असती तर आत येऊ दिलं असतं का ह्यांना?"

मी प्रकाशकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. पोरगं आईवर गेलंय, त्याला लगेच कळलं. तोंडावर हात ठेवून खाली बघत बसला, खांदे हलत होते. मग उठला, गाडीकडं गेला आणि बॅग काढून आणली.

"सिंधूबाई," मी म्हणालो, "दूध नासलं, गॅस सुटला, तर सांगशील का?"

"सांगायला यायची काय गरज? भिंतीच्या पल्याडनं वरडीन."

मी उठलो, शर्ट काढला आणि धुण्याच्या दगडावर नेऊन घासायला बसलो. मागून आवाज आला, "साबण लावा."

मी साबण लावला.