बोंबलांपुढं छत्री धरणारे बर्वे सर

नाय हो, पहिल्या दिवशी कसला नमस्कार! पहिल्या दिवशी सरांनी मला वर्गाच्या बाहेर काढलं होतं.

सरांच्या साठीच्या अंकाचं काम बघणाऱ्या मुलीनं विचारलं, "काकू, बर्वे सरांची नि तुमची ओळख कशी झाली?" तर ती अशी. पनवेलच्या कॉलेजात डिजिटल डिझाइनच्या वर्गात मी पिशवी घेऊन उभी. सर आले नि अदबीनं म्हणाले, "पालकांनी कृपया बाहेर बसावं." मी म्हटलं, "मी कुणाची पालक नाय. माझंच नाव हाय यादीत, वाचा." सरांचे कान लाल झाले. त्यांनी हात जोडले, स्वतःचं स्टूल आणून खिडकीशी ठेवलं नि म्हणाले, "इथे उजेड चांगला येतो." दोन वर्षं ते स्टूल माझंच होतं. सर उभ्यानं शिकवत.

मी करंज्याची, कोळीण. गावच्या शाळेत दहावी झालेली. नवरा गेला त्याला तेव्हा वर्ष व्हायचं होतं. दिराचं म्हणणं, बाईनं टोपली घेऊन बाजारात बसावं, कॉलेज कसलं? शेवटी त्यांनी अट घातली, "पहिल्या वर्षाला पास झालीस तर पुढं जा. नायतर टोपली." घरात ते वाक्य मीठ-मिरचीसारखं रोज ताटात पडायचं.

सरांची शिकवण्याची तऱ्हा निराळी. कॉम्प्युटर समोर असला तरी आधी मातीत, रंगात हात घालायला लावत. म्हणत, "माउस धरायच्या आधी कोळसा धरा." मी म्हटलं, "सर, कोळसा मी जन्मभर धरलाय, चुलीपुढं." पोरं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "मग तुम्ही यांच्या पुढे आहात." कुणाचं चित्र वाईट हाय असं ते कधी म्हणाले नाहीत. नुसतं म्हणत, "अजून बघा." त्या दोन शब्दांचा मला मास्तरांच्या छडीहून जास्त धाक होता.

वर्षाअखेरीला प्रत्येकानं एक छोटी फिल्म करायची होती. बाहेरचे परीक्षक येणार, त्यांच्यावर पास-नापास. मी ठरवलं, बोंबील सुकतो ते दाखवायचं. आमच्याकडं बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, जोडीजोडीनं. समोर फोन बांधायचा, थोड्या थोड्या वेळानं फोटो घ्यायचा, नि ते फोटो ओळीनं पळवले की ओला बोंबील डोळ्यांदेखत वाळतो.

पहिल्या खेपेला पार वाट लागली. आमच्या बायकांची सवय, वलांडीजवळून जाताना बोंबील हातानं फिरवायचे, म्हणजे दोन्हीकडनं ऊन लागतं. माझी जाऊ, सासू, शेजारणी, सगळ्यांनी जाता-येता फिरवले. वर्गात फिल्म लावली तर बोंबील लग्नाच्या वरातीसारखे नाचतायत! पोरं बाकावर लोळली. मी पण हसले, पण परीक्षा सोमवारी, नि तो दिवस गुरुवार.

सर म्हणाले, "पुन्हा करा."
"सर, मी फोन सांभाळू का बायका?"
"फोन तुम्ही सांभाळा. बायका मी सांभाळतो."

शुक्रवारी पहिल्या एसटीनं सर करंज्याला हजर. जन्मात मासळीला हात न लावलेला माणूस, नाकाला रुमाल नि हातात छत्री. कावळे हाकलले, मांजर हाकललं, नि जाऊ फिरवायला आली की, "वहिनी, आजचा दिवस नको." उन्हानं फोन तापून बंद पडायला लागला, तेव्हा सर त्याच्यावर छत्री धरून उभे राहिले. बोंबलांवर सावली पडू नये म्हणून वाकडे होऊन. शनिवारीही तसंच.

रविवारी दुपारी टेम्पो आला. माल घ्यायला व्यापारी. दीर सरळ वलांडी रिकामी करायला लागले. अजून ऊन शिल्लक, माझे फोटो शिल्लक. मला बोलायला सुधरेना. बोलले असते तर भांडण झालं असतं, नि माझं कॉलेज बंद करायला दिरांना तेच पायजे होतं. सर सासूबाईंपुढं जाऊन उभे राहिले.

"आई, थोडं थांबाल का?"
सासू म्हणाली, "मास्तर, तुमी मावरं खाताव?"
"नाही हो."
"मंग राखताव कशाला?"
"परीक्षा आहे."
"बोंबलांची?"
"तुमच्या सुनेची."

दीर टोपलं घेऊन तसेच उभे. व्यापाऱ्यानं हॉर्न दिला. मंग सासू दिरांवर ओरडली, "ती फोनासमोरची जोडी ठेव! बाकीचं भर!"

टेम्पो गेला. सगळी वलांडी ओकीबोकी, मधे दोनच बोंबील लटकलेले. माझी फिल्म मोडली असंच मला वाटलं. वर्गातला पोरगा सरांच्या फोनवर म्हणाला, "काकू, घाबरू नका, उरलेले कॉपी-पेस्ट करून भरतो, कळणार नाय." मी हो म्हणणारच होते. सर म्हणाले, "जसं झालं तसं दाखवा. नापास झालात तरी ते तुमचं असेल."

सोमवारी अंधारात फिल्म चालली. वलांडी भरलेली, भरलेली, नि एकदम रिकामी. दोघंच एकमेकांना धरून. परीक्षकांतल्या एका बाईंनी विचारलं, "बाकीचे मुद्दाम काढलेत?" मी म्हटलं, "नाय. टेम्पो आला." त्या हसल्या, नि मी पास झाले. मागं बघितलं तर सर डोळे पुसत होते.

तेव्हापासून प्रत्येक नव्या वर्गाला सर ती फिल्म दाखवतात नि सांगतात, "ती जोडी म्हणजे ताई आणि त्यांचे यजमान. गेलेल्या माणसाच्या आठवणीतून हे काम आलं." पोरं हळवी होतात. मी आता त्याच कॉलेजात शनिवारी स्टॉप-मोशन, म्हणजे एकेक फोटो जोडून फिल्म करणं, शिकवायला जाते, तेव्हा मागं उभी राहून मान डोलावते.

बर्वे सर, तुमी साठीचे झालात. आता निवांत बसा असं मी म्हणणार नाय, कारण तुमाला बसायला स्टूलच नाय, ते मी घेतलंय. गुडघे जपा, उन्हात टोपी घाला, शंभरीपर्यंत पोरांना "अजून बघा" म्हणत राहा. करंज्याच्या देवीआईनं तुमाला भरभरून आयुष्य द्यावं.

नि एक सांगायचं राहिलंय, ते आता सांगते. ती जोडी म्हणजे मी नि माझा नवरा नव्हतो. ते नुसते बोंबील होते, रविवारी संध्याकाळी मी नि सासूनं भाजून खाल्ले. तो गेल्यापासून एक दिवस त्याच्या आठवणीशिवाय सरला नव्हता, सर. पण तुमी छत्री धरून उभे होतात त्या दिवसांत नवरा मला एकदाही आठवला नाय.