क्वामेला दाखवलेलं नाव

आज वसतिगृहाच्या दारांना ऑइलपेंट लावत होते. त्या वासाने मला कॉलेजच्या पहिल्या वर्षातली, रामटेकजवळच्या माझ्या शाळेतली एक दुपार आठवली.

माझा कॉलेजातला वर्गमित्र क्वामे घानाचा. कोको पिकवणाऱ्यांनी उभारलेल्या त्याच्या शाळेचा इतिहास त्याला पाठ होता. तिथली मुलं परीक्षेआधी नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या फलकावर तळहात टेकवत. आमच्या शाळेच्या फलकावर माझं नाव येणार, असं मीही त्याला सांगितलं होतं. गावातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मुख्याध्यापकांनी शब्द दिला होता. म्हणून त्या दुपारी फलक दाखवायला मी क्वामेला शाळेत नेलं.

फलकाचा रंग ओलाच होता. माझ्या जागी संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या होता. तो आमच्या शाळेत कधी शिकलाच नव्हता.

"सर, माझं नाव?"

"वरून सांगतलं गा त्याइनं. तू काहून मनाले लावून घेऊन राहिला?" सर फलकाकडे बघतच बोलले.

क्वामेला देवनागरी वाचता येत नव्हती. "तुझं नाव कुठलं?" त्याने मोडक्या हिंदीत विचारलं.

मी पुतण्याच्या नावाकडे बोट केलं. दुसऱ्या दिवशी आमचा पेपर होता. क्वामेने त्या नावावर, ओल्या रंगाला लागणार नाही असा, तळहात अलगद धरला आणि डोळे मिटले.

सरांनी फसवलं, हे मी कितीदा तरी सांगितलंय. क्वामेला मात्र अजून काहीच सांगितलेलं नाही.