चाचांचा लहान होत गेलेला डबा

भिंतीला भिंत लागून घर असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप कानात येऊन पडतात. माझे तर आता कानही थकले. आठ दिवस दुपारभर शेजारी करवत चालू होती!

अमरावतीत आमच्या शेजारी गफ्फारचाचा राहतात. जन्मभर दारं-चौकटी केल्या. पोरीला, शबानाला, लग्नात कबूल केलेला, बांगड्या-दागिने ठेवायचा सागाचा शिंगारडबा मात्र एकोणीस वर्षं राहून गेला. मागच्या आठवड्यात अकोल्याहून तिचा फोन आला, "अब्बा, साऱ्या गावाले दारं देल्ले. मले एक डबा नाई देल्ला! येत्या रविवारी येऊन राहिली मी."

चाचांनी कानावर पेन्सिलचा तुकडा खोचला अन् एक जुनी फळी काढली.

*

पहिला डबा वीतभर लांब झाला. पण झाकणाच्या फटीतून माझं बोट आत गेलं!

"चाचा, एवढी फट काहून?"

"पावसाळ्यात लाकूड फुगते ना वहिनी. दाराले ठेवाच लागते."

"डबा कपाटात राहीन, पावसात नाई!"

चाचांनी डबा खोलला, बाजू कापल्या.

*

मग कडी लावली. दाराचीच! स्क्रूची टोकं आत इंचभर निघाली.

चाची म्हणाल्या, "इसमें बेटी हात डालेंगी तो मलमपट्टी बी रख दो!"

भोकं पडलेला भाग गेला. डबा आणखी लहान.

*

त्यांच्या टेपचं टोक कधीचंच तुटलेलं आहे. एकच्या आकड्यापासून मोजायचं अन् शेवटी एक इंच वाढवायचा, अशी चाळीस वर्षांची सवय. शुक्रवारी तीन फळ्यांना वाढवला, चौथीला विसरले.

"आता?" मी भिंतीवरून विचारलं.

"आता काय! तिघींले चौथीएवढं करतो."

बांगड्यांचा डबा अंगठ्यांचा झाला.

*

शनिवारी चाची वैतागल्या. "बाजार से ला लो ना एक!"

चाचा ओट्यावर बसून होते. मी चहा नेला तर म्हणाले, "वहिनी, दारात चूक झाली तं प्लास्टर झाकून घेते. डब्याले भिंत कुठून आणू?"

चहा कपातच निवला.

*

रविवारी शबाना आली. मी हळदीची वाटी मागायच्या निमित्तानं आत गेलेच. चाचांनी डबा पुढे केला. मुठीत मावेल एवढा! एक कोपरा भुसा-सरसाचा लगदा भरून बुजवलेला, झाकण जरा तिरपं.

"यात काय मावते अब्बा?"

चाचा खाली बघत म्हणाले, "मोठा करतो बाई. पंधरा दिवस दे. फळी हाये अजून."

शबानानं डबा उलटापालटा करून पाहिला. भरलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग चाचांच्या कानावरचा पेन्सिलचा तुकडा काढला, डब्यात आडवा ठेवला. नेमका बसला. झाकण लावलं अन् डबा पर्समध्ये!

चाचा गडबडले, "अवं, पेन्सिल दे वापस! दुसऱ्या डब्याची आखणी कशानं करू?"

शबानानं पर्सची चेन लावली. मीच म्हणाले, "चाची, बापलेकीले चहा ठेवा ना," अन् हळद न घेताच घरी आले.