ओटा कुणाच्या कोपराचा?

घराचं काम काढायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यात आधी आली ती फाईल. निळी, आत प्लास्टिकचे कप्पे असलेली. वाळूजच्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात आहे, आणि आम्हा लोकांना फाईल केल्याशिवाय साधी शिंकसुद्धा येत नाही. चार महिने दुकानं हिंडून जमवलेली माहितीपत्रकं मी तिच्यात ओळीनं लावली होती. छतावर बसवायचं सोलर, टाकी भरली की मोटार बंद करणारा सेन्सर, माणूस खोलीत शिरला की आपोआप लागणारे दिवे, धूर ओढणारी चिमणी, डोक्यावर पावसासारखा पडणारा शॉवर. आणि माझं सगळ्यात लाडकं प्रकरण म्हणजे भांडी धुण्याचं यंत्र. त्याचा कप्पा मी पहिला ठेवला होता.

रोज संध्याकाळी चहाबरोबर मी बैठक भरवायचो. लेक शिकायला बाहेरगावी, त्यामुळे सभासद तीनच: मी, माझी आई आणि माझी बायको. मी एकेक कप्पा उघडायचो आणि त्या दोघी एकेक कप्पा बंद करायच्या.

"माणूस आला की दिवा लागतो म्हणतोस," आईनं विचारलं. "आन चोर आला तर?"

"चोर आला तरी लागतो."

"म्हंजी त्याला बी उजेडाची सोय केली व्हय."

शॉवरची पाळी आली तेव्हा बायकोनं चित्राकडे बराच वेळ बघितलं. आमच्या शहरात नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. गल्लीत आरोळी उठते आणि आमची अर्धी मुकुंदवाडी पाईप घेऊन धावते. ती शांतपणे म्हणाली, "अहो, आधी ते नळापर्यंत येऊ द्या. मग डोक्यावरनं पाडायचं का बाजूनं, ते ठरवू."

"बरं, मग तुला काय पाहिजे ते सांग," मी म्हणालो. लोकशाही आहे आमच्याकडे.

"मला काय. तुम्ही कराल ते." कप उचलून ती निघाली आणि दारात थांबून म्हणाली, "ओटा तेवढा जरा बघा."

मी लगेच लिहून घेतलं: ओटा. ग्रॅनाइट. रंग? दुसऱ्या दिवशी मी दगडाचे सात नमुने घरी आणले. तिनं न बघताच एकावर बोट ठेवलं. मला वाटलं, किती समजूतदार बायको आहे.

मिस्त्री आले तेव्हा मला कळलं की मी चार महिने चुकीच्या कप्प्यात शिरलो होतो.

हे मिस्त्री म्हणजे आमच्या घराचे जुने जाणकार. माझं लग्न व्हायच्या आधी वडिलांनी हे घर बांधलं, तेव्हा स्वयंपाकघर त्यांनीच केलेलं. त्या वेळी ते तरणेबांड होते, आता दाढी मेंदीनं लाल झालेली. मी त्यांच्यापुढे फाईल उघडली. त्यांनी अदबीनं चार पानं उलटली, "माशाल्ला, बहुत अच्छा है साहेब," म्हणाले, ती खिडकीत ठेवली आणि खिशातला टेप काढला.

"अम्मा, ये ओटा याद है ना? आपकी कोहनी नापून बांधला होता मी."

"व्हय तर," आई म्हणाली. "उभी करून माप घेतलं होतं. शिंप्यावानी."

मिस्त्रींनी मला समजावून सांगितलं. ओट्याची उंची पुस्तकातून काढायची नसते. जी बाई त्याच्यापुढे उभी राहणार, तिचा हात कोपरातून वाकवायचा, आणि कोपराच्या सहा बोटं खाली ओटा लावायचा. हात मोकळे राहतात, पाठ सरळ राहते. नळाचा पाईप, बटणांचे बोर्ड, चिमणीचं भोक, टाइल्सची ओळ, सगळं त्यानंतर. ओटा ठरला की बाकीचं ठरतं. ते ठरल्याशिवाय माझ्या फाईलमधली एकही गोष्ट भिंतीला लागणार नव्हती.

"तो अब बोलो," ते म्हणाले. "किसकी कोहनी लेने की?"

आई आणि बायको, दोघींचेही हात एकदमच ओट्यावर गेले.

आता इथं घरातल्या उंचीचा विषय काढावाच लागेल. माझी आई चार फूट नऊ इंच. माझी बायको पाच फूट सात. मी स्वतः कागदोपत्री पाच फूट चार आणि चपला काढल्या की पाच फूट दोन. लग्नाच्या फोटोत आम्ही दोघं बरोबरीचे दिसतो, कारण फोटोग्राफरनं मला पाटावर उभं केलं होतं. तो पाट फोटोत दिसत नाही, पण माझ्या चेहऱ्यावर तोल सांभाळल्याचे भाव स्पष्ट आहेत.

तर आईच्या कोपराला बांधलेला ओटा एकतीस इंचांचा, आणि बायकोला लागत होता सदतीसचा. सहा इंच. कंपनीत मी इंचाच्या हजाराव्या भागाच्या फरकावरून आख्खी पेटी परत पाठवतो, समोरच्याला भाषणही देतो. आणि घरात सहा इंचांची चूक बावीस वर्षं रोज पास करत आलो होतो. ती वाकून काम करते हे मला दिसत नव्हतं असं नाही. मला वाटायचं, तिची ढबच तशी आहे. रात्री ती पाठीला गरम पाण्याची पिशवी लावते, तीही मला थंडीची सवय वाटायची. मे महिन्यातसुद्धा.

"हिचं घ्या माप," आई म्हणाली.

"नको नको, आत्यांचंच घ्या," बायको म्हणाली. आईला ती आत्या म्हणते. "मला सवय झालीय."

"आता मी किती दिवस चुलीपुढं उभी राहणार? हिचं घ्या."

"आत्यांच्या भाकरीचं काय मग? नाही मिस्त्री, जुनं आहे तेच ठेवा."

खरी अडचण तीच होती. बाकीचा स्वयंपाक बायकोचा, पण संध्याकाळच्या ज्वारीच्या भाकरी आईच्या. सत्तरी उलटली, एकेक करून सगळी कामं तिनं सोडली, ते एवढं एक सोडलं नव्हतं. ओटा सदतीसवर गेला असता तर परात तिच्या छातीशी आली असती, आणि ती त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत बसून टीव्ही बघणारी म्हातारी झाली असती. एकतीसवर राहिला असता तर बायकोची पाठ आणखी वीस वर्षं वाकली असती. दोघी एकमेकींना "तुमचंच घ्या, तुमचंच घ्या" म्हणत होत्या, आणि म्हणताना दोघींपैकी एकीचाही हात ओट्यावरून निघत नव्हता.

"सोच लो," मिस्त्री म्हणाले आणि बाथरूमचं काम धरलं.

चार दिवस घरात कमालीचा गोडवा होता. इतका की भीती वाटावी. "आत्या, तुम्ही बसा," "पोरी, तू बस," असं करत कुणीच बसेना. जुना ओटा फोडून झाला होता. मागच्या व्हरांड्यात टेबलावर गॅस मांडून स्वयंपाक चालला होता, आणि विषय कुणीच काढत नव्हतं. शेवटी मी ठरवलं, हा प्रश्न भावनेचा नसून मापाचा आहे, आणि मापाचा माणूस घरात मीच.

मी दोघींची मापं गुपचूप घ्यायचं ठरवलं. बायको कपडे वाळत घालत होती, तिला म्हणालो, "वरच्या कपाटाचं माप घ्यायचंय, जरा कोपर वाकव." तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू कपाटच वाकवायला सांगितलंय. आईला मालिका चालू असताना उभं केलं.

"कशाला रं? झंपर शिवतोस का?"

"हलू नकोस."

मग दोन्ही आकडे मांडले, बेरीज केली, दोननं भागलं. चौतीस. दोघींना तीन-तीन इंच. कुणावर अन्याय नाही, कुणाची बाजू घेतली नाही. एवढा न्यायी मुलगा आणि एवढा न्यायी नवरा एकाच माणसात सापडणं अवघड, असं मला स्वतःबद्दल वाटलं.

चौतीसचा आकडा ऐकून मिस्त्रींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "साहेब, दगड नंतर लावू. आधी विटा रचून दाखवतो. सुके. पसंद पडा तो ठीक."

त्यांनी विटा रचल्या, वर प्लायवूडची फळी टाकली आणि बाजूला झाले. आई पुढं झाली. तिचे दोन्ही कोपर पंखासारखे वर आले. आता उडेल की काय, असं वाटावं. मग बायको उभी राहिली. ती वाकलेलीच, फक्त जरा कमी.

"और आप, साहेब?"

मी उभा राहिलो. हात अलगद फळीवर आले. पाठ सरळ, खांदे सैल, मान ताठ. मिस्त्रींनी टेप लावला, सहा बोटं मोजली. बरोबर माझं कोपर.

"ये तो आपका ओटा है," ते म्हणाले. "मुबारक हो."

आधी आई हसली. मग बायको. मी आयुष्यात घेतलेला एकमेव निःपक्षपाती निर्णय दोनशे टक्के माझ्या बाजूनं लागला होता. "करा आता पोळ्या," बायको म्हणाली. "न्हाई, पुरणपोळ्याच," आई म्हणाली. हसता हसता बायकोचा हात कमरेवर गेला आणि ती भिंतीला टेकली. नेहमीसारखीच. पण या वेळी आई तिच्याकडे बघत होती.

"कवापासून दुखतीय?"

"नाही हो आत्या, हसून हसून…"

"खोटं बोलू नगं. कवापासून?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं, मग फळीकडे. "लग्न होऊन आल्यापासून," ती म्हणाली.

एवढंच. आवाजात तक्रारही नव्हती, त्यामुळेच मला कुठं बघावं कळेना. आई जवळ गेली. तिचा हात बायकोच्या पाठीच्या मध्यापर्यंतच पोचतो, तिथं तिनं तो ठेवला. मग मिस्त्रींकडे वळून म्हणाली, "चढवा वर. हिच्या कोपराला लावा. मला इचारायचं नाय, हिला तर मुळीच इचारायचं नाय."

विटांचा एकच थर लागला. फळी परत टाकली आणि बायको पुढे उभी राहिली. मी सांगतो, ती वाढली. खांदे मागे गेले, मान वर आली. तिनं उगाच फळीवर कांदा चिरल्यासारखे हात चालवले आणि म्हणाली, "अगं बाई!" नुसतं एवढंच, दोनदा.

मिस्त्री दगडाचं माप लिहायला लागले तेव्हा आई म्हणाली, "थांबा. पीठ आण गं."

परात आली, ज्वारीचं पीठ आलं. बायको मळायला लागली. पण भाकरीचं पीठ नुसत्या बोटांनी मळत नाही, तळहातावर अंगाचा भार पडावा लागतो. उंच फळीवर तो पडेना. ती टाचा उचलून मळत होती, परात पुढे सरकत होती, आणि थापलेली भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली. आई तोंडाला पदर लावून बघत होती. इतकी खूश मी तिला बऱ्याच दिवसांत बघितली नव्हती.

"चिरायला उंच पायजे," आई म्हणाली, "पर भाकर हाताखाली पायजे. ही उंच बाई भाकर करणार म्हटल्यावर आमच्या पोटाचं कसं व्हायचं?"

"मग दोन पाहिजेत," बायको म्हणाली. "एक उंच, एक तुमचा. भाकरीचा. मी पण तिथंच शिकते आता नीट."

"दो फूट जगह काफी है," मिस्त्री म्हणाले आणि टेपचं टोक कोपऱ्यात टेकवलं. "इधर खाली जागा सोडलीय. इथं काय येणार होतं, साहेब?"

मी खिडकीतली फाईल उघडली. खरं तर उघडायची गरज नव्हती. पहिलाच कप्पा.

मी बोललो, बोललो नाही असं नाही. त्या यंत्राला पाणी कसं कमी लागतं, भांडी कशी कोरडी निघतात, कामवाली बाई गावाला गेली की किती सोय होते, सगळं सांगितलं.

"बाई गावाला गेली की भांडी कोण घासतं?" आईनं विचारलं.

"हेच," बायको म्हणाली.

"मग चाललंय की बरं."

मतदान घ्यायची वेळच आली नाही. मिस्त्रींनी अत्यंत हळुवारपणे माझ्या हातातली फाईल घेतली, बंद केली आणि परत खिडकीत ठेवली.

पुढच्या महिन्यात सगळं झालं. सोलर बसलं, मोटारीचा सेन्सर लागला, चिमणी लागली. दिवे मात्र बटणाचेच राहिले. ओटा सदतीस इंचांचा, काळ्या दगडाचा, आणि त्याच्या कोपऱ्यात एक पायरी उतरून दोन फुटांचा एकतीस इंची ओटा. संध्याकाळी दोघी शेजारी शेजारी उभ्या राहतात. एकीकडून भाकरी थापल्याचा आवाज येतो, दुसरीकडून फोडणीचा, आणि मधून दोघींचं माझ्याबद्दलचं बोलणं. गरम पाण्याची पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली. तिथं माझा हात पोचत नाही.

आणखी एक झालं, ते फाईलमध्ये नव्हतं. ओट्यापुढं एक खिडकी आहे, गल्लीकडं उघडणारी. बावीस वर्षं ती तिथंच होती, पण वाकून काम करणाऱ्या बाईला तिच्यातून काय दिसणार? फार तर स्वतःचेच हात. आता ताठ उभी राहिल्यावर तिला थेट कोपऱ्यापर्यंत सगळी गल्ली दिसते. कोण नवी गाडी घेऊन आलं, कुणाचं पोरगं कुणाच्या स्कूटीवर बसलं, पाणी सोडणारा माणूस कुठल्या वळणावर आहे, सगळ्याची बातमी जेवायच्या आधी आईला मिळते. दोघींना टीव्ही लागेनासा झालाय.

परवा कंपनीतून येताना मी कोपऱ्यावरच्या गाड्यावर थांबलो. डॉक्टरांनी तळलेलं बंद केल्यापासून तिथं थांबायची माझी एक ठरलेली जागा आहे, लिंबाच्या झाडाखाली. एक प्लेट भजी संपवली आणि दुसरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला.

"दुसरी सांगू नका."

मी आजूबाजूला बघितलं. मागं बघितलं. मग हळूहळू समोर, गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला. खिडकीत ती उभी होती, सरळ, एका हातात फोन, दुसऱ्या हातात उलथणं. उलथणं तिनं माझ्या दिशेनं हलवलं. मीही हात हलवला. दुसरं करणार काय?

फोनमध्ये भाकरीची थाप ऐकू येत होती. ती थांबली, आणि आईचा आवाज आला, "काय खातंय गं?"

"भजी."

"त्याला म्हणावं, आता हाईसच तिथं तर आमच्या दोघींसाठी बी आण. आन मिरच्या जास्त सांग."